निवेदन क्रमांक एकोणीस

नंदाताई रामटेके यांच्या उजव्या हाताला चौतीस वर्षांच्या नोकरीत एक सवय जडली होती. समोर बसलेल्या साहेबांनी डावा पंजा टेबलावरून दोन बोटे वर उचलला, की त्यांची पेन्सिल कागदावरून आपोआप सुटायची. पंजाचा अर्थ एवढाच, की यापुढचे बोलणे कागदावर यायचे नाही. पंजा खाली आला की पेन्सिल पुन्हा चालू. ही खूण त्यांना कोणी शिकवली नव्हती. उमरेडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मिनिटाला शंभर शब्द टिपायचे शिक्षण मिळाले होते; काय टिपायचे नाही, याचे शिक्षण दिल्लीने दिले.

१९८९ साली परीक्षा देऊन त्या केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात लघुलेखक म्हणून रुजू झाल्या. यजमान धम्मपाल हे भंडाऱ्याचे, डाक खात्याच्या हिशेब शाखेत. सरकारी क्वार्टरमधून दोघे पुढे द्वारकेतल्या सोसायटीत आले, मुलगी नीलम तिथेच वाढली आणि गुरुग्रामच्या एका कंपनीत लागली. २०२३ मध्ये नंदाताई निवृत्त झाल्या तेव्हा कार्यालयात त्यांची जागा भरली गेली नाही, कारण लघुलेखकाची गरज कोणालाच उरली नव्हती. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. घरी त्यांच्या लघुलिपीला नीलम ‘किडेमकोडे’ म्हणायची. फ्रिजवर चिकटवलेली वाणसामानाची यादी नंदाताई अजूनही त्याच लिपीत लिहीत, आणि ती वाचता न आल्याने धम्मपालांना बाजारातून दोनदा फोन करावा लागे.

या सुरळीत आयुष्यात एक गाठ मात्र राहून गेली होती. निवृत्तीच्या पंधरा वर्षे आधी एका समितीपुढे, धरणात गाव गेलेला एक म्हातारा आपले म्हणणे मांडायला आला होता. सारा गाव आठवड्याच्या बाजाराला गेला असताना जमिनीची मोजणी कशी उरकली गेली, हे तो सांगत होता. अध्यक्षांचा डावा पंजा उचलला गेला आणि नंदाताईंची पेन्सिल थांबली. म्हाताऱ्याची नजर अध्यक्षांकडे नव्हती. ती पेन्सिलीकडे होती. पेन्सिल थांबलेली त्याने पाहिली आणि तोही वाक्याच्या मध्यावर थांबला. पुढे बोललाच नाही. खांद्यावरचा गमछा सारखा केला, हात जोडले आणि बाहेर पडला. त्या संध्याकाळी नंदाताईंनी इतिवृत्त टाइप केले: ‘प्रतिनिधींनी समाधान व्यक्त केले.’ वाक्य त्यांचे नव्हते, पण बोटे त्यांची होती.

त्या खोलीत हे पाहणारे आणखी एक माणूस होते. कौशल्या. ती त्या विभागात दफ्तरी होती. फायली आणायच्या, न्यायच्या आणि बैठकीत चहा फिरवायचा. पानिपतच्या पलीकडे सींकरा नावाचे तिचे गाव. निवृत्तीनंतर ती गावी परतली, आणि दोघींचे बोलणे सणासुदीच्या फोनापुरते उरले.

जानेवारीतल्या एका दुपारी तिचा फोन आला तेव्हा सण कुठलाच नव्हता.

“मॅडम, आमच्याकडे अणुवीज केंद्र यायचंय. गावापासून चार किलोमीटर. पुढच्या महिन्यात शाळेच्या मैदानावर जनसुनावणी आहे. तुम्ही या.”

“मी येऊन काय करू, कौशल्या? मला त्यातलं काय कळतं?”

“मला तरी कुठं कळतं? मला एकच विचारायचंय. आमच्या गावातून बाहेर पडायचा रस्ता एकच, आणि त्याच्यावर रेल्वेचं फाटक. दिवसातून अठरा वेळा बंद. काही झालं, भोंगा वाजला, तर आम्ही जायचं कुठून? हे मी विचारणार. पण विचारलेलं कागदावर यायला पाहिजे ना! चहा फिरवताना चोवीस वर्षं बघितलंय मी, कोण काय बोलतं आणि शेवटी कागदावर काय येतं.”

नंदाताईंनी विचारले, “ते म्हातारबाबा आठवतात तुला?”

“आठवतात म्हणूनच फोन केला.”

“तेव्हा माझीच पेन्सिल थांबली होती.”

“थांबली होती. पण त्या दिवशी तुम्ही चहा घेतला नाही, मॅडम. बाकी सगळ्यांनी घेतला, बिस्किटांसकट. तुमचा कप मी भरलेलाच परत नेला.”

अणुऊर्जा प्रकल्पाला परवाना मिळण्याची वाट लांब असते. जागेची तपासणी, आराखड्याची तपासणी, बांधकामाची संमती, इंधन भरण्याची संमती. या बहुतेक दारांआड तज्ज्ञ तज्ज्ञांशी बोलतात. त्या साऱ्या वाटेवर शेजारच्या गावातल्या माणसाला तोंड उघडायला मिळते ती जागा मुख्यतः एकच, पर्यावरण मंजुरीसाठीची जनसुनावणी. तिथे मतदान होत नाही, प्रकल्प हवा की नको याचा निकाल लागत नाही. तिथे फक्त बोलले जाते आणि बोललेले लिहिले जाते. म्हणजे त्या दिवसाचे सारे मोल शेवटी इतिवृत्ताच्या कागदात असते. हे कौशल्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते. नंदाताईंनी मात्र रीतसर पुस्तक उघडले. नीलमकडून त्यांनी सुनावणीचे नियम छापून घेतले आणि चष्मा लावून दोन दिवस वाचले. शेवटाकडच्या एका कलमाशी त्या थबकल्या. सुनावणीचे इतिवृत्त उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे, त्यात सर्वांची मते अचूक आलेली असावीत, आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांनी त्याच दिवशी सही करावी, असे त्यात होते.

वाचून दाखवणे. लघुलेखकाच्या धंद्यातला हा सर्वांत जुना रिवाज. मजकूर घेतल्यावर साहेब म्हणतात, “वाचा.” लघुलेखक वाचतो, बोलणारा मान हलवतो, आणि लघुलेखक समासात एक लहानसे वर्तुळ काढतो. ज्याच्या शेजारी वर्तुळ नाही ते अजून कच्चे. नंदाताईंनी त्या कलमाखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

“आई, सीरियसली,” नीलम म्हणाली, “फोनमध्ये ॲप आहे. बोललेलं आपोआप टाइप होतं. तू कशाला वही-बिही घेतेस, यार?”

“यार तुझ्या ऑफिसात. तुझं ॲप लाव, माझं मी लिहिते.”

“मराठी माणूस पानिपतच्या दिशेने निघाला की मला काळजी वाटते,” धम्मपाल पेपरातून डोके वर न काढता म्हणाले. “डबा तरी नीट घेऊन जा.”

वही मिळवणेच अवघड झाले. करोल बागेतल्या ज्या दुकानातून मंत्रालयाच्या वह्या येत, तिथला दुकानदार आधी हसला. “मॅडमजी, ही आता कोण मागतं?” मग शिडीवर चढून त्याने वरच्या फळीवरून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि चार वह्या दिल्या, वरून उलटायच्या, पानाच्या मधोमध तांबडी रेघ. नंदाताईंनी सहा पेन्सिली दोन्ही टोकांनी तासल्या. दुपारी टीव्हीवरच्या हिंदी बातम्या लावून त्या हात चालवू लागल्या. पहिल्या दिवशी बातम्या देणारी मुलगी पुढे निघून जाई. दहाव्या दिवशी नंदाताईंनी तिला गाठले, आणि तिसऱ्या आठवड्यात ती जाहिरातीसाठी थांबली की त्या कंटाळू लागल्या.

सुनावणीच्या दिवशी नीलमने रजा टाकली आणि पहाटेच गाडी काढली. दहा वाजता त्या सींकऱ्याच्या अलीकडे पोहोचल्या आणि फाटकाशी अडकल्या. मालगाडी गेली, फाटक उघडले नाही. दुसऱ्या बाजूने एक्सप्रेस गेली, तरी उघडले नाही. मागे ट्रॅक्टर, ऊस, शाळेची बस, एक रुग्णवाहिका. नंदाताईंनी घड्याळ पाहिले: बावीस मिनिटे. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी तेवढेच लिहिले.

शाळेच्या मैदानावर शामियाना होता. व्यासपीठावर मध्यभागी अध्यक्ष, म्हणजे जिल्ह्याचे अतिरिक्त जिल्हाधिकारी. पन्नाशीचे, नीटनेटके, आवाज मऊ. त्यांच्या शेजारी नोंद घेणारे अधिकारी, मग कंपनीची मंडळी. पुढच्या खुर्च्यांवर पुरुष, डाव्या कडेला सतरंज्यांवर बायका, त्यातल्या अर्ध्या पदर ओढून. मांडवामागे जनरेटर धडधडत होता. कौशल्याने नंदाताईंना हाताला धरून बायकांच्या तिसऱ्या रांगेत बसवले आणि आजूबाजूला सांगून टाकले, “या आमच्या दिल्लीच्या मॅडम. या लिहिणार.”

“महाराष्ट्राच्या का?” एका म्हातारीने विचारले. “तुमचे लोक आले होते इकडे, फार पूर्वी. तेव्हा उशीर झाला होता म्हणतात.”

“या वेळी वेळेवर आलेय, आजी,” नंदाताई म्हणाल्या. “फाटकाने अडवलं तरी.”

कंपनीच्या अभियंत्याने पडद्यावर दीड तास चित्रे दाखवली. मग माइक लोकांकडे आला. सरपंच बोलले, शाळा-दवाखान्याची आश्वासने मोजून त्यांनी स्वागत केले. नंदाताईंनी ते लिहिले. एका पदवीधर तरुणाने विचारले, कायम नोकऱ्या किती आणि कंत्राटी किती, आकडा वेगवेगळा सांगा. लिहिले. कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेत असलेल्या शेतकऱ्याने विचारले, तुम्ही वर पाणी उचलणार तर उन्हाळ्यात माझ्या पाळीला काय उरणार. लिहिले. एकाने प्रकल्प लवकर व्हावा म्हणून हात जोडले, तेही अक्षर न अक्षर लिहिले. त्यांच्या पेन्सिलीला बाजू नव्हती. शिवाय एक गंमत होती. लघुलिपी शब्दांचे शुद्धलेखन पाहत नाही, कानावर पडतो तो आवाज टिपते. हरियाणवी बोलीतले कित्येक शब्द नंदाताईंना पुरते कळत नव्हते, पण उमटत होते मात्र जसेच्या तसे.

अठरा जणांनंतर कौशल्या उठली. पदर डोक्यावर नीट घेतला, माइक दोन्ही हातांनी धरला आणि सुरुवात केली. पहिले वाक्य झाले. दुसरे अर्धे झाले. अध्यक्ष नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे किंचित झुकले आणि त्यांचा डावा पंजा टेबलावरून दोन बोटे वर उचलला गेला.

“अम्माजी, हे फाटकाचं रेल्वेला सांगायचं. आजचा विषय नाही.” आणि शेजारी वळून, “यह लिखने की ज़रूरत नहीं है।”

नंदाताईंची पेन्सिल थांबली.

ती थांबली हे त्यांना नंतर कळले. आधी हात थांबला, मग कान, मग भान आले. कौशल्याची दोन वाक्ये जनरेटरच्या आवाजाबरोबर निघून गेली होती. वहीत रेघ कोरी होती. त्यांनी वर पाहिले तर कौशल्या बोलायची थांबून त्यांच्याकडेच पाहत होती. त्यांच्याकडे नाही, पेन्सिलीकडे. तीच नजर. सतरा वर्षांपूर्वी गमछा सारखा करण्याआधीची.

मंत्रालयात लघुलेखक कधी मध्ये बोलत नाही. सुटलेला शब्द तो नंतर अंदाजाने भरतो, शेजाऱ्याला विचारतो, पण बोलणाऱ्याला थांबवत नाही. नंदाताई उठून उभ्या राहिल्या. गुडघा कुरकुरला, मांडीवरच्या पेन्सिली सतरंजीवर घरंगळल्या.

“साहेब,” त्या हिंदीत म्हणाल्या, “माझं लिहायचं राहिलं. त्यांना पुन्हा बोलू द्या.”

सगळ्या माना वळल्या. अध्यक्षांनी विचारले, “आपण कोण? पत्रकार?”

“नाही. नंदा रामटेके, द्वारका, दिल्ली. निवृत्त लघुलेखक.”

“दिल्लीच्या? मग इथं आपला काय संबंध?”

“हजर असलेल्या प्रत्येकाला विचारायची संधी द्यावी असं नियमात आहे. मी हजर आहे. मला एवढंच विचारायचंय की या काय म्हणाल्या. आणि हे पर्यावरणाचं आहेच, साहेब. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाच्या सारांशात आपत्कालीन आराखडा म्हणून एक प्रकरण दिलंय. त्या त्याच्याबद्दलच विचारताहेत.”

अध्यक्षांनी समोरचा सारांश उघडला, पाने चाळली आणि एका पानावर जरा वेळ थांबले. मग म्हणाले, “बोलिए, अम्माजी।”

कौशल्या पुन्हा बोलली, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट बोलली. तिने नंदाताईंकडून ऐकलेली बावीस मिनिटे सांगितली, रुग्णवाहिका सांगितली, तिच्या जावेच्या बाळंतपणात फाटकाशी काय झाले तेही सांगितले. बायकांच्या सतरंजीवरून “होय, होय” असे आवाज येऊ लागले. तिच्यानंतर माइक खाली राहिलाच नाही. पदराआडून आणखी बारा बायका बोलल्या, कोणी विहिरीच्या पाण्याबद्दल, कोणी गुरांबद्दल. भोंगा वाजला तर खुंट्याला बांधलेली म्हैस कोणी सोडायची, या प्रश्नावर कंपनीच्या अभियंत्याने प्रामाणिकपणे सांगितले की हे आम्ही लक्षात घेतलेले नाही. नंदाताईंनी दुसरी वही उघडली.

चार वाजता अध्यक्षांनी समारोप केला. नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याने एका फोल्डरमधून टाइप केलेली दोन पाने काढून त्यांच्यापुढे सरकवली. अध्यक्षांनी पेनचे टोपण काढले.

“साहेब, वाचून दाखवायचं राहिलं,” नंदाताई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

या वेळी माना वळल्या त्या वेगळ्या नजरेने. नियमाचा छापील कागद नीलमने व्यासपीठावर नेऊन ठेवला. अध्यक्षांनी रेघ ओढलेले कलम वाचले आणि शेजारी म्हणाले, “पढ़िए।”

अधिकाऱ्याने वाचले. ग्रामस्थांनी प्रकल्पाचे स्वागत केले. रोजगाराविषयी काही सूचना आल्या. काही विषयाबाहेरचे मुद्दे उपस्थित झाले, त्यांचे समाधानकारक निरसन करण्यात आले. धन्यवादाने सभा संपली. सारे मिळून तीन मिनिटे लागली.

कौशल्याचा आवाज आला, माइकशिवाय. “माझं फाटक कुठंय?”

“माझं पाणी?” शेतकरी उठला.

“नोकऱ्यांचा आकडा?” तो पदवीधर तरुणही उठला. आणि मागून म्हैसवाली म्हातारी, “अरे, माझी म्हैस तरी घ्या!”

हशा झाला, गलकाही झाला. अध्यक्षांनी व्हिडिओ चित्रण मागवले. कॅमेरा दिवसभर व्यासपीठाकडे रोखलेला होता. लोकांचे बोलणे त्यात होते, पण जनरेटरच्या पोटात. नीलमने संकोचत आपला फोन पाहिला. ॲपने कौशल्याच्या साऱ्या बोलण्याचे तीन शब्द केले होते आणि त्यातला एकही तिचा नव्हता.

“आता कोण काय बोललं हे ठरवायचं कसं?” अध्यक्षांचा मऊ आवाज प्रथमच थकलेला वाटला.

“मॅडमना वाचायला सांगा,” कौशल्या म्हणाली. “आणि ज्याचं त्याला विचारा, तुझंच का म्हणून.”

नंदाताई व्यासपीठाजवळ गेल्या. कोणीतरी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. त्यांनी वही उलटून पहिले पान काढले. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो वेळा वाचून दाखवले होते, पण ऐकणारा नेहमी एकच असे आणि तो खुर्चीत मागे रेललेला असे. समोर चारशे माणसे उभी आहेत आणि आपापले वाक्य येण्याची वाट पाहताहेत, हे नवे होते. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

सरपंचांचे स्वागत त्यांनी आधी वाचले, शब्दाला शब्द. सरपंच सुखावले. “बराबर!” म्हणत त्यांनी हात वर केला. नंदाताईंनी समासात वर्तुळ काढले. त्या एका वर्तुळाने बरेच काम केले. प्रकल्प हवा असणाऱ्यांच्या लक्षात आले की ही बाई आपलेही तितक्याच इमानाने वाचते आहे, आणि मग शामियान्यातल्या साऱ्या बाजू एकाच बाजूला आल्या. पदवीधराचे वाचले, हात वर. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी तर आपले वाचून होताच म्हणाला, “अगदी खोकल्यासकट माझंच आहे.” नोंद घेणारा अधिकारी आता कोऱ्या कागदावर भराभर लिहीत होता. मध्येच तो अदबीने म्हणाला, “मॅडम, थोडं हळू.” नंदाताई हळू झाल्या. मिनिटाला शंभर शब्दांच्या बाईला असे कोणी पहिल्यांदाच म्हणत होते.

मग एकोणिसावे आले. उमरेडमध्ये वाढलेल्या, नागपुरी वळणाची मराठी बोलणाऱ्या त्या बाईच्या तोंडून सींकऱ्याची बोली जशीच्या तशी बाहेर पडली: “फाटक दिन म्हं अठारा बार बंद होवै सै. भोंपू बाज्या तो हम कित जावांगे?”

सतरंजीवरच्या बायकांनी क्षणभर एकमेकींकडे पाहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी पदर मागे सारला. कौशल्याने हात वर केला आणि तो खाली घ्यायचे तिच्या लक्षातच राहिले नाही.

नंदाताई थांबल्या नाहीत. पुढची ओळही वहीत होती. उभ्या राहण्याआधी, भान आल्याबरोबर, हाताने ती आपणहून टिपली होती. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी त्याच सपाट, कार्यालयीन स्वरात वाचले: “अध्यक्ष: यह लिखने की ज़रूरत नहीं है।”

आधी हसू पुढच्या खुर्च्यांवर फुटले, मग मांडवभर पसरले. कंपनीच्या अभियंत्याने तोंडावर रुमाल धरला. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. त्यांनी टेबलाकडे पाहिले, आपल्या डाव्या पंजाकडे पाहिले. नंदाताई वहीवर पेन्सिल टेकवून उभ्या होत्या, इतर अठरा जणांसाठी थांबल्या तशाच. रिवाज म्हणजे रिवाज. बोलणाऱ्याने मान्य केल्याशिवाय वर्तुळ नाही.

अध्यक्षांनी उजवा हात वर केला. “हो,” ते म्हणाले आणि त्यांनाही हसू आवरेना. “मीच म्हणालो होतो. लिहा.”

वर्तुळ निघाले.

एकंदर एकतीस निवेदने झाली, प्रत्येकाला क्रमांक पडला. नवे इतिवृत्त हाताने लिहून, पुन्हा एकदा वाचून, सूर्य उसाच्या शेतामागे जाता जाता त्यावर सही झाली. सही करताना अध्यक्षांनी विचारले, “रामटेकेजी, आपण कुणाच्या हाताखाली काम केलं?” नंदाताई म्हणाल्या, “पुष्कळांच्या, साहेब. आज कोणाच्याच नाही.” कौशल्याने आपल्या क्रमांकापुढे ठसठशीत सही केली. चोवीस वर्षे दुसऱ्यांच्या सह्यांच्या फायली वाहिल्यावर, सही कशी करायची हे तिला चांगलेच माहीत होते. मग ती शाळेत जाऊन चहाचा कप घेऊन आली.

“घ्या, मॅडम. सतरा वर्षांपूर्वीचा आहे.”

नंदाताईंनी चहा उभ्यानेच संपवला, आणि बिस्कीटही खाल्ले.

परतताना फाटक बंदच होते. नीलमने इंजिन बंद केले आणि बराच वेळ वही चाळत राहिली. “आई, यातलं ‘फाटक’ कुठलं?” नंदाताईंनी बोट ठेवून दाखवले. दोन रेघा आणि एक लहानसे वळण. “बस, इतकंच?” ती म्हणाली. घरी धम्मपालांनी दार उघडताच विचारले, “काय झालं पानिपताचं?” “जिंकलं,” नंदाताई म्हणाल्या आणि डबा धुवायला टाकला.

प्रकल्प होणार की नाही, हे त्या दिवशी ठरले नव्हते आणि ठरायचेही नव्हते. पण सप्टेंबरात अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या जोडपत्रात एकतीस निवेदने होती, आणि प्रत्येकासमोर उत्तराचा रकाना भरलेला होता. पाण्याचे उत्तर गुळमुळीत होते. म्हशीचे उत्तर मात्र लांबलचक आणि गंभीर होते. कोणीतरी तिच्यावर मनापासून विचार केला होता. आणि क्रमांक एकोणीससमोर लिहिले होते, की फाटकावरचा उड्डाणपूल आणि गावाच्या उत्तरेकडून दुसरा रस्ता, ही दोन्ही कामे पूर्ण झाल्याशिवाय बांधकामातले पहिले काँक्रीट ओतले जाणार नाही. अर्जदार कंपनीने हे बंधन मान्य केले आहे.

नीलमने ते पान छापून आणले. फोन स्पीकरवर टाकून नंदाताईंनी कौशल्याला लावला आणि कपाटातून वही काढली.

“वाच,” त्या नीलमला म्हणाल्या.

नीलमने आधी निवेदन वाचले. नंदाताईंची पेन्सिल वहीतल्या खुणांवरून सरकत राहिली. अठरा वेळा आले, भोंगा आला, बावीस मिनिटे आली, रुग्णवाहिका आली, जावेचे बाळंतपणसुद्धा आले. काही गळले नव्हते. मग उत्तर वाचून झाले.

“मॅडम,” कौशल्या म्हणाली, “परत एकदा वाचायला सांगा. मी इथं सगळ्यांना बोलावते.”

फोनमधून हाकांचा, दारे उघडल्याचा, पावलांचा आवाज येऊ लागला. नीलमने पान सरळ केले आणि घसा साफ केला. उत्तराच्या समासात, छापील अक्षरांच्या शेजारी, नंदाताईंनी एक लहानसे वर्तुळ काढले.